सातव्या नंबरची भरती

निशिकांत सरांना तोंडावर नाही म्हणणं सिंगापूरच्या मराठी मंडळींत कोणालाच जमत नसे. गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. नव्याने आलेल्या पोरांना भाड्याची खोली शोधून देणार तेच. ईस्ट कोस्टच्या त्यांच्या काँडोत महिन्यातून एकदा पंधरा-वीस जणांची पंगत आणि सुचित्रावहिनींच्या हातची आमटी. माणूस गोडच. मधुवंतीला दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून त्यांनीच आणलं होतं. त्यामुळे त्या गुरुवारी त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि “बाळ, बस,” म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, नोकरीचा पास वाढवून मिळाल्याची बातमी असणार.

“सात नंबरचा डेटा काढून टाक,” सर म्हणाले.



प्रकरण तसं सरळ होतं. शहराच्या तोंडाशी मरीना बराज हा दरवाज्यांचा बांध बांधून झाला होता. दरवाजे बंद झाले, समुद्र बाहेर राहिला आणि आतल्या खाडीचं तळं होऊ लागलं. काळांग, गेलांग आणि त्यांना मिळणारे सगळे काँक्रीटचे कालवे, जिथे वर्षानुवर्षं भरतीचं पाणी आत-बाहेर करत होतं, तिथलं पाणी आता हलेनासं झालं. ते किती हलत नाही हे मोजायचं काम सरांच्या गटाकडे होतं. मधुवंतीने बारा ठिकाणी बारा यंत्रं टांगली. पुरुषभर लांबीचं बारीक नळकांडं, खालच्या टोकाला पाण्याची उंची आणि तापमान मोजणारा सेन्सर, वरच्या टोकात सिमकार्ड. दर पंधरा मिनिटांनी आकडे थेट विद्यापीठाच्या सर्व्हरवर. डोकं मात्र पाण्याबाहेर हवं. बुडलं की सिग्नल गेला.

अकरा यंत्रांनी सरळ रेषा काढली. सातव्याने नाही. सातव्यावरचं पाणी दिवसातून दोनदा दीड मीटर चढत होतं आणि दोनदा उतरत होतं, बाहेरच्या समुद्राच्या बरोबरीने, मिनिटाचाही उशीर न करता.

“भरतीचं छापील टेबल उचलून चिकटवलंस,” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त झोंबलं. “तुझ्या वयात मलाही मोह झाला असता. काहीतरी वेगळं सापडलं म्हणून पेपर छापायचा. पण बाळ, रिपोर्ट मी मागच्याच महिन्यात दिलाय. बारा सरळ रेषा.”

“बारा? सर, सातवी रेषा तुम्ही आणलीत कुठून?”

“सहा आणि आठची सरासरी,” ते शांतपणे म्हणाले. “सोमवारपर्यंत तुझी ई-मेल येऊ दे, चूक झाली म्हणून. मी सांभाळून घेईन. नाही आली तर मला डीनना पत्र लिहावं लागेल. आपल्या माणसाला आधी सांगावं म्हणून सांगतोय.”

स्वतः आकडे रचून मोकळा झालेला माणूस तिला खोटी ठरवत होता, वर सांभाळून घेण्याची भाषा करत होता! पत्र गेलं तर नोकरी गेली, महिन्याभरात पास गेला. ते एक वेळ परवडलं. पण डेटा रचणारी हा शिक्का घेऊन ती कुठल्या विद्यापीठाच्या दारात उभी राहणार होती? तिचे वडील दाभोळच्या खाडीत तीस वर्षं तरीवर नावाडी होते. भरतीची वेळ चुकीची सांगितली की होडी माणसांसकट गाळात रुतते, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

“रविवारी माझ्याबरोबर चला,” ती उठून उभी राहिली. “डोळ्यांनी बघा. मग लिहा काय लिहायचं ते.”

“चल,” सर हसले. “तुझं समाधान होऊ दे.”

स्वाइन फ्लूचे दिवस होते. प्रत्येक इमारतीच्या दाराशी कानात थर्मामीटर घालून ताप बघत आणि नावापुढे आकडा लिहून घेत. संध्याकाळच्या तपासणीला सर तिच्या पुढेच होते. “थर्टी-सिक्स पॉइंट एट,” वॉचमन अंकल म्हणाले. सरांनी मागे वळून तिला डोळा मारला. “तीन महिने रोज छत्तीस पॉइंट आठ. बघ माझा ग्राफ. सरळ रेषा.”

तिला तो थर्मामीटर त्यांच्या कानात अजून खोल घालावासा वाटला.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. “आज नागपंचमी आहे गो. काही चिरू-कापू नको आज, लक्षात ठेव. भाजी हाताने मोडून घाल.”

“आई, मी कामावर चाललेय.”

“मग कामावर कापू नको.”

पंचमी. मधुवंतीने सवयीने मनातल्या मनात हिशोब केला: पाचाची पाऊणपट, पावणेचार. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे वडिलांचं गणित. इथल्या टेबलाशी ते अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे जुळायचं. म्हणजे बाराला निघालं तर पाणी चढताना दिसणार होतं.

काळांगच्या पाण्याकाठी, बंद पडलेल्या जुन्या स्टेडियमच्या समोर, पाक हसन कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, भाड्याने देत. साठी उलटलेला, काळासावळा, कमी बोलणारा मलय माणूस. विद्यापीठाच्या बोटीसाठी तिने तीनदा अर्ज केला होता आणि सरांनी तीनदा तो बाजूला ठेवला होता, म्हणून ती दर पंधरवड्याला पदरचे डॉलर मोजून ही कनू घ्यायची. पाक हसनच्या शेडमध्ये भिंतीवर अजून भरतीचं टेबल टांगलेलं असे, या वर्षीचं. सुरुवातीला तिने विचारलं होतं, अंकल, आता भरती कुठे राहिलीय? “हॅबिट लाह,” इथल्या बोलीतला ‘लाह’ जोडून एवढंच ते म्हणाले होते.

सर आले. पांढरी हॅट, इस्त्रीची पँट, नवे सँडल. पाक हसननी त्यांना लाइफ जॅकेट दिलं आणि मधुवंतीकडे वळून त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, “त्या आतल्या कालव्यात?”

“हो.”

“पाणी भरलं की थांबू नका.” मग जरा वेळाने, “लास्ट टाइम, खूप वर्षांपूर्वी, तिथे घरं होती. खांबांवर. आमचं पण. रोज समुद्र खाटेखाली यायचा.”

सर पुढे बसले, ती मागे. सरांना वल्हवता येत होतं, पण दहा हात मारून त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि ते आजूबाजूला बघत बसले. सगळी कनू तीच ओढत होती. मागून त्यांची ताठ मान आणि हॅट दिसत होती, आणि प्रत्येक हाताला तिचा संताप वाढत होता.

गेलांगच्या पात्रात पाणी पसरट, हिरवट आणि मेलेलं होतं. दोन्ही बाजूंच्या काँक्रीटवर जुन्या भरतीची रेघ राहिली होती. त्या रेघेखाली कालवं, खाऱ्या पाण्यातले शिंपले, चिकटलेली, पण सगळी रिकामी. गोडं पाणी झाल्यावर वर्षाच्या आत मेली होती. पांढरे उघडे शिंपले तेवढे राहिले होते. एक घोरपड पायऱ्यांवर ऊन खात पडली होती.

“बघ,” सर म्हणाले. “पान पडलं तरी हलत नाहीये.”

हद्द दाखवणारे तरंगते नारिंगी बोये ओलांडून तिने कनू डावीकडे वळवली. एका रस्त्याखालून, डोकं वाकवून, ती दोघं त्या बिननावाच्या कालव्यात शिरली. रुंदी जेमतेम पंधरा फूट, दोन्हीकडे सरळसोट भिंती, वर सरकारी ब्लॉकच्या मागच्या गॅलऱ्या आणि बांबूंवर वाळत घातलेले कपडे. अडीचशे मीटरवर कालवा संपत होता. तिथे भिंतीत एक चौकोनी काळं भगदाड, ब्लॉकच्या पोटातून येणारं गटार. त्याच्या शेजारी लोखंडी शिडी आणि शिडीला नायलॉनच्या दोरीने बांधलेलं सात नंबरचं यंत्र.

वास आधी आला. चिखलाचा, खारट, कुजक्या पानांचा. दाभोळला ओहोटीच्या वेळी येतो तसाच.

“गटार,” सर म्हणाले.

“भिंतीकडे बघा, सर.”

इथली कालवं मेलेली नव्हती. घट्ट मिटलेली, काळपट, ओली. आणि भिंतीच्या पायथ्याशी उघड्या पडलेल्या गाळाच्या पट्टीवर बोटभर निवट्या, खाजणातल्या चिखलातले मासे, उड्या मारत होत्या. निवटी गोड्या पाण्यात राहत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि सर हर्णैचे होते.

ते निवट्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

“आज तिथी काय?” त्यांनी अचानक विचारलं.

“पंचमी.”

“पावणेचार,” ते पुटपुटले. मनगटावरच्या घड्याळात पावणेएक झाला होता.

मधुवंतीने कनू शिडीजवळ नेऊन लावली. शिडीवरच्या मोजपट्टीवर पाणी साठ सेंटिमीटरवर होतं. तिने वहीत वेळ आणि आकडा लिहिला, वही सरांपुढे धरली आणि म्हणाली, “सही करा.”

“कशाला?”

“मी रचला म्हणाल उद्या.”

त्यांनी सही केली. पंधरा मिनिटांनी पाणी बहात्तरवर होतं. गाळाची पट्टी दिसेनाशी झाली, निवट्या कुठे गेल्या कळलं नाही. सरांनी दुसरी सही केली. पाणी मागून, गेलांगच्या बाजूने येत नव्हतं. ते समोरून, त्या भगदाडातून येत होतं. शहराच्या पोटातून समुद्र येत होता. थंड, स्वच्छ, मिठाचा वास असलेला. त्याच्याबरोबर नारळाचं एक सोडण आलं, घर शाकारायच्या झापाचा तुकडा आला आणि कनूला घासून मागे निघून गेला.

“कुठेतरी पाइप फुटलाय,” सर म्हणाले. “समुद्राचं पाणी घेणारा.”

“इथे तसला पाइप नाही. नकाशे तुम्हीच दिलेत मला.”

तेवढ्यात कनू कशाला तरी टेकली. टक्. लाकडावर लाकूड लागावं तसा आवाज. दोघांनी खाली बघितलं. पाणी रिकामं होतं, तळ दिसत होता. तिने वल्ह्याने कनू जरा मागे घेतली. टक्. आता डावीकडून. उजवीकडे ढकलली. टक्. चार-चार हातांवर, सगळीकडे, काहीतरी उभं होतं आणि पाण्यात काहीच नव्हतं.

हे टकटक तिला दर वेळी लागायचं, पण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आकड्यांवरच विश्वास बसणं कठीण, तिथे हे कोण ऐकणार, म्हणून.

“हे काय आहे?” सरांनी विचारलं.

“तुम्ही सांगा. सहा आणि आठची सरासरी काढा.”

कुठेतरी मासळी तळल्याचा वास आला. वरच्या गॅलऱ्यांत कोणी नव्हतं. वाळत घातलेले कपडे वारा नसताना लोंबकळत होते. सर घाईघाईने पुढे वाकले आणि यंत्राच्या दोरीची गाठ सोडायला लागले.

“काय करताय?”

“सेन्सर खराब आहे. मी घेऊन जातो. तपासायला.”

“हात लावू नका त्याला!”

गाठ तिने मारलेली, तरीवरची. ती त्यांना सुटेना. त्यांनी मधे ठेवलेल्या तिच्या पिशवीतून कटर काढला. तिने वल्हं मारून कनू मागे घेतली, तरी त्यांनी शिडी एका हाताने पकडून ठेवली होती. मधुवंती ओरडली, काय ओरडली ते तिलाही नंतर आठवलं नाही. दोन वर्षांची आमटी, बाळ, आपली माणसं, सगळं त्या ओरडण्यात होतं.

सरांनी दोरी कापली.

यंत्र त्यांच्या हातात आलं. त्यांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, अगदी शांतपणे, आणि हात पाण्यावर नेऊन ते सोडून दिलं.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

टक्, असा आवाज आला. फळ्यांवर पडल्यासारखा. मग घरंगळल्याचा. मग थांबल्याचा.

यंत्र कुठेच दिसत नव्हतं.

सरांचा हात अजून पाण्यावर तसाच होता. ताणलेला. खांद्यापासून ताणलेला.

“मधुवंती,” ते म्हणाले, “हात सोड माझा.”

“सर,” ती म्हणाली, “माझे दोन्ही हात वल्ह्यावर आहेत.”

ते वळले नाहीत. मागून फक्त त्यांची मान दिसत होती आणि तिच्यावर उभे राहिलेले काटे.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. एका क्षणी त्यांचा हात सुटा झाला आणि ते कनूत मागे कोसळले. तिने जीव खाऊन वल्हं मारलं. टक्, टक्, टक्, दोन्ही बाजूंनी, रस्त्याखालच्या बोगद्यापर्यंत. मग एकदम काही नाही. गेलांगचं पाणी हिरवट आणि गप्प पसरलेलं. पान पडलं तरी हलत नव्हतं.

कनू काठाला लागली. पाक हसननी सरांना हात देऊन उतरवलं आणि त्यांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, ताप बघावा तसा. मग सोडून दिला.

“काही पडलं तुमचं आत?” त्यांनी मधुवंतीला विचारलं.

“एक यंत्र.”

“घरात पडलं लाह,” ते म्हणाले आणि पाइप घेऊन कनू धुवायला लागले.

टॅक्सीत बसताना सर पहिल्यांदा बोलले. “पाण्याच्या ओढीने यंत्र वाहून गेलं. तू नीट बांधलं नव्हतंस.” ओठ निळसर पडले होते, दात वाजत होते, पण वाक्य पूर्ण आणि व्यवस्थित होतं. ते ऐकून तिची उरलीसुरली भीतीही जळून गेली. ती टॅक्सीचं दार धरून म्हणाली, “माझ्याकडे तुमच्या दोन सह्या आहेत.” ते म्हणाले, “कसल्या?” आणि दार ओढून घेतलं.

रात्री नऊला डीनना पत्र गेलं. तिला प्रत होती. डेटा रचल्याबद्दल, आणि निष्काळजीपणाने यंत्र गमावल्याबद्दल.

ती रागाने खोलीत येरझारा घालत होती. सह्यांची वही टेबलावर उघडी होती, पण दोन सह्यांनी काय होणार? त्या कोणत्या पाण्याबद्दल आहेत हे तेच नाकारणार. शेवटी तिने लॅपटॉप उघडला. निदान सातव्याचे शेवटचे आकडे छापून ठेवावेत, दोरी कापली त्या मिनिटापर्यंतचे.

आकडे तिथे संपले नव्हते.

दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ येत होती. पाण्याची उंची शून्य. म्हणजे यंत्र कोरड्यात होतं. तापमान सुरुवातीला एकोणतीस पॉइंट एक. त्या कालव्याच्या पाण्याचं तापमान कायम तेच असे. मग तीस. एकतीस पॉइंट चार. तेहतीस. तिने सर्व्हरची वेळ तपासली, यंत्राचा नंबर तपासला, सिमकार्डचा नंबर तपासला. पस्तीस पॉइंट दोन. कोणीतरी ते नळकांडं उचलून पोटाशी धरलं असावं तसा आकडा चढत होता. पहाटे सव्वापाचला तो एका जागी थांबला आणि मग हललाच नाही.

सोमवारी साडेआठला ती लॅपटॉप उघडाच हातावर धरून इमारतीच्या दाराशी उभी राहिली. काय बोलायचं ते तिने रात्रभर घोकलं होतं, आणि ते सगळ्यांसमोर, वॉचमनसमोर, विद्यार्थ्यांसमोर बोलायचं ठरवलं होतं. तिला त्यांची सरळ रेषा चारचौघांत मोडायची होती.

सर आले. जुलैच्या उकाड्यात स्वेटर घातलेला. सुचित्रावहिनी त्यांना सोडायला आल्या होत्या, त्या गाडीतूनच बघत राहिल्या. सरांनी मधुवंतीकडे पाहिलं नाही. ते रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर कान पुढे केला.

थर्मामीटर वाजला. वॉचमन अंकलनी आकडा बघितला, थर्मामीटर झटकला आणि पुन्हा लावला. मग दुसऱ्या कानात.

“ट्वेंटी-नाइन पॉइंट वन,” ते म्हणाले. “मशीन स्पॉइल लाह.” त्यांनी तो स्वतःच्या कानात घालून बघितला. मागच्या मुलीच्या कानात घातला. मशीन ठीक होतं. त्यांनी पेन उचलून सरांकडे बघितलं. “प्रोफेसर, काय लिहू?”

“थर्टी-सिक्स पॉइंट एट लिहा,” सर म्हणाले. “रोज तेवढाच असतो.”

अंकलनी लिहिलं. सर आत निघाले. तिच्याजवळून जाताना त्यांच्या अंगाला मिठाचा आणि ओल्या चिखलाचा वास येत होता.

घोकलेलं बोलायला मधुवंती वळली. तिने हातावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. सातव्या नंबरची साडेआठची ओळ नुकतीच आली होती. पाण्याची उंची शून्य. तापमान छत्तीस पॉइंट आठ.